उदमांजराची भावकी

मुळशीला लोक धरण बघायला जातात. परत आले की पाणी किती होतं, वारा कसा होता, डबे कुठं उघडले, हे सांगतात. मी मुळशीला गेले होते कवट्या आणायला. त्यामुळं माझी हकीकत ऐकता ऐकता आमच्या पेठेतल्या बायका मधूनच उठून हात धुऊन येतात. धरण मीही पाहिलं, पण भाताच्या पेंढ्यावर बसून, मान वळवून, लांबूनच.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीचा हिवाळा होता. मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आमच्या संग्रहालयात मांसभक्षक सस्तन प्राण्यांचं एक कपाट होतं. त्यात उत्तर ध्रुवाकडच्या अस्वलाची कवटी होती, सीलचा अख्खा सांगाडा होता, कुणा साहेबानं मायदेशी जाताना मागं टाकलेलं विलायती खोकडाचं पेंढा भरलेलं डोकं होतं. पण पुण्याबाहेर सायकलीवर गेलं तर जो आडवा जाईल असा एकही प्राणी त्या कपाटात नव्हता. मुलं परीक्षेत सीलचे दात बिनचूक लिहीत आणि मुंगसाला उंदराच्या शेजारी नेऊन बसवत. प्रिन्सिपॉलसाहेबांपुढं मी एकदा हे रडगाणं गायले, तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मग आणा की तुम्ही."

असा हा प्रवास ठरला. माझ्याबरोबर आमच्या प्रयोगशाळेतले इब्राहिमभाई आले. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे पौडचे, बहीण अजून पौडच्या बाजारपेठेत नांदत असलेली. मेलेल्या प्राण्याचं काय करायचं हे आम्हा दोघांनाही येत होतं. जिवंत माणसांशी कसं बोलायचं हे मात्र त्यांनाच येत होतं.

पौड

एस. टी.नं भूगाव, पिरंगुट मागं टाकलं तशी हवा बदलली. भात कापून झालेली खाचरं, त्यांच्या बांधावर वाळत पडलेला पेंढा, आणि उन्हातही अंगावर शाल हवीशी वाटावी असा गारवा. पौडला उतरल्यावर इब्राहिमभाईंच्या बहिणीनं, सगळ्या पेठेच्या जैनबभाभींनी, हातपाय धुवायच्या आत पान मांडलं. तांदळाची पातळ, पांढरीशुभ्र भाकरी आणि अंड्यांचं तिखटजाळ कालवण. आमच्या घरी 'अंडं' हा शब्दसुद्धा पाहुण्यांसमोर हळू उच्चारतात. मी दोनदा वाढून घेतलं. जैनबभाभी खूश होऊन म्हणाल्या, "ह्या बाई खाणाऱ्या हायेत. यांचं काम हुईल."

काम झालंही. त्यांच्या शेजाऱ्यानं वांग्याच्या मळ्याला दृष्ट लागू नये म्हणून काठीवर कोल्ह्याची कवटी टांगली होती. इब्राहिमभाईंनी त्याला गळ घातली, एका काळ्या मडक्यावर चुन्यानं डोळे-मिशा काढून दिल्या, आणि कोल्ह्याच्या जागी मडकं चढलं. "ह्ये जास्ती भ्या दाखवतंय," असं म्हणत शेजाऱ्यानं कवटी माझ्या हवाली केली. खालचा जबडासुद्धा सुताच्या दोरीनं जागेवर बांधलेला होता. आनंदाच्या भरात मी ती तशीच पदराखाली घेऊन मांडीवर ठेवली. मेंदूच्या पोकळीत लाल मुंग्यांचं बिऱ्हाड होतं, हे मला थोड्याच वेळात कळलं. जैनबभाभींनी मला आतल्या खोलीत नेऊन पदर झटकला, पोटापासून मनगटापर्यंत चावलेल्या जागी खोबरेल लावलं, आणि दोघी हसून हसून दमलो.

माले

पौडहून पुढं आम्हाला पेंढ्यानं भरलेली एक बैलगाडी मिळाली. त्या उंच पेंढ्यावर बसून मी मुळशीचं पाणी पाहिलं. बाकी वाटभर इब्राहिमभाई गाडीवानाशी भाताच्या उताऱ्याबद्दल बोलत होते आणि मी माझे चावे खाजवत होते.

माल्यात चहाच्या टपरीवर उतरल्याबरोबर इब्राहिमभाईंनी आपली नेहमीची दवंडी पिटली. "कुणाकडं मुंगसाची, तरसाची, रानमांजराची कवटी हाय का? जुनी चालंल, फुटकी बी चालंल." लोक हसले. एक तरुण शेतकरी तेवढा हसला नाही. त्याच्या कपातला चहा साय धरून बसला होता. थोड्या वेळानं तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मेलेलं मांजर चालंल का?"

"मांजरं पुण्यात रग्गड हायेत," इब्राहिमभाई म्हणाले.

"घरातलं न्हवं. उदमांजर."

मी बाकावरून उठलेच. उदमांजर म्हणजे ताडावर, आंब्यावर आणि घरांच्या माळ्यावर राहणारा, लांब शेपटाचा, रात्रीचा हिंडणारा प्राणी. आमच्या कपाटात त्याची जागा रिकामी होती. "कुठं आहे? कधी मेलं?" मी विचारलं.

"कालच्या रातीला. आमच्या घरातनंच मारलं गेलं," तो म्हणाला.

त्याचं नाव नामदेव. वर डोंगराच्या उतारावर त्याची वाडी. वाटेत चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होत होत्या. काल रात्री खुराड्यात फडफड झाली, तशी त्याची बायको सुंदरा मुसळ घेऊन धावली आणि अंधारात दिसेल त्यावर तिनं ते फेकलं. सकाळी बघतात तर खुराड्यापाशी उदमांजर मरून पडलेलं. सुंदराला पाचवा महिना लागलेला. आणि भावकीतले सगळ्यांत वडील, ज्ञानबातात्या, येऊन सांगून गेले की पोटुशीच्या हातून मांजर मेलं, हे लई वंगाळ झालं. सोन्याचं मांजर करून काशीला दान दिल्याबिगर हे पाप फिटायचं न्हाई. तोवर तिच्या हातचं देवाला चालणार न्हाई आन भावकीतलं कुणी खाणार न्हाई.

"आन उद्या चंपाषष्ठी हाय," नामदेव म्हणाला. "आमच्या घरचा निवद तिनंच करायचा हुता. लगीन झाल्यावरचा पयलाच. सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाई तिनं."

इब्राहिमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही आलो होतो कवटीसाठी, आणि पुढ्यात येऊन पडलं होतं हे.

हौसाबाईंचं अंगण

नामदेवच्या दारात पाऊल टाकलं आणि आंबेमोहर तांदूळ शिजल्याचा घमघमाट आला. मुळशीचा आंबेमोहर आम्ही पुण्यात सणासुदीला आणतो, म्हणून तो वास मला पक्का ओळखीचा. मला भूकही लागली होती. मी नामदेवच्या आईला, हौसाबाईंना, नमस्कार करून म्हटलं, "मावशी, भाताचा वास किती छान सुटलाय!"

"चूल पेटवलीच न्हाई आज," हौसाबाई म्हणाल्या. "त्यो वास त्येचा हाय." आणि त्यांनी गोठ्यामागच्या उलट्या घातलेल्या पाटीकडं बोट केलं.

उदमांजराच्या शेपटाखाली गंधाच्या ग्रंथी असतात हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. तो गंध शिजत्या आंबेमोहरासारखा असतो, हे कोणत्याही पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. पाटीखालच्या प्राण्यानं माझ्या पोटात भूक उभी केली, याची मला लाज वाटावी की हसू यावं ते कळेना.

सुंदरा ओसरीच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. असेल अठरा-एकोणीसची. तिच्या पायाशी घरातलं पिवळं मांजर, मनी, अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं. मांजर मारल्याचं खापर जिच्या डोक्यावर फुटलं होतं, तिच्याच पावलांच्या उबेला घरचं मांजर.

नामदेवनं मी पुण्याची मास्तरीण असून जनावरांचं शिक्षण घेतलंय, असं सांगितलं. हौसाबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि तात्यांना बोलावणं धाडलं. तात्यांच्या मागोमाग वाडीच अंगणात आली. इब्राहिमभाईंनी पाटी उचलली. करडा, काळपट ठिपक्यांचा प्राणी, तोंडावर काळी पट्टी, शेपूट अंगाएवढं. मी आयुष्यात प्रथमच ताजं उदमांजर इतक्या जवळून पाहत होते, आणि अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं पाहत होती.

"तात्या," मी म्हटलं, "हे मांजर नाही."

तात्या दाराच्या उंबऱ्याएवढेच रुंद आणि तितकेच न हलणारे होते. "नावातच मांजर हाय की."

"पाणमांजराच्याही नावात मांजर आहे. धरणात मासे धरतं ते. ते तर कुत्र्याच्या बाजूचं."

"आन तुमाला ह्ये पुण्याला न्यायचं हाय, असं नामा म्हणतुया. म्हून तुमी न्हाई म्हणताय."

हा घाव अगदी वर्मी बसला, कारण मला ते खरोखरच न्यायचं होतं. इब्राहिमभाई मदतीला आले. "तात्या, पुण्यात मांजराला तोटा न्हाई. निस्तं मांजर असतं तर एवढा डोंगर कशाला चढलो असतो?" लोक हसले. तात्या हसले नाहीत, पण खाली बसले.

मी म्हटलं, "माझं ऐकू नका. डोळ्यांनी बघा. सुंदरा, तुमच्या मनीला जरा इकडं आणतेस?"

सुंदरा उठेना. हौसाबाई म्हणाल्या, "आण गं. बघू तर दे." मग ती मनीला काखोटीला मारून आली आणि माझ्याशेजारी बसली. मी मनीचा मागचा पाय धरला. मनीनं माझ्या मनगटावर तीन लांब ओरखडे काढले. मुंग्यांच्या चाव्यांवरच ते नेमके उमटले.

"ती माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई," सुंदरा पुटपुटली. त्या घरात तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मग तूच मोज. मागच्या पायाला बोटं किती?"

तिनं मनीचा पंजा आपल्या तळव्यावर घेतला, केस बाजूला सारले. "चार."

"आता याची."

ती जराशी मागं सरली. मग हात पुढं करून तिनं त्या मेलेल्या प्राण्याचा पाय उचलला. एकेक बोट दाबत गेली. "चार... आन ह्ये... पाच! आत्ती, हितं पाच हायेत!"

सासू पुढं सरसावली. मग अंगणच सरसावलं. ज्याला त्याला बोटं मोजायची होती. मी तळवा दाखवला. मांजर बोटांवर चालतं, टाच उचलून. हा टाचेपर्यंत उघडा तळवा टेकणारा. मांजर नखं पुरती म्यानात घालतं, याची अर्धी बाहेरच. मग इब्राहिमभाईंनी त्याचा जबडा उघडून धरला. मी सांगितलं की मांसभक्षकांची खरी खूण सुळे नव्हेत. गालाच्या आत वरची एक आणि खालची एक दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींवरून घसरते, ती खरी खूण. मांजराची ही कात्री धारदार असते, कारण ते मटणावर जगतं. उदमांजराची बोथटलेली, कारण त्याला फळंही लागतात. मांजराचे दात तीस, याचे चाळीस.

"आन माणसाचं?" सुंदरानं विचारलं.

"बत्तीस."

ती विचारात पडली. "तीस आन बत्तीस. मग मांजर आमच्याच जवळचं म्हणायचं!"

आमच्या कॉलेजात इतकी चांगली शंका माझ्यापुढं कुणी काढली नव्हती. नुसत्या आकड्यावरून घराणं ठरत नाही, दात कोणत्या घडणीचे आहेत ते बघावं लागतं, असं मी तिला समजावलं. ती मान डोलावत होती आणि बोलता बोलता स्वतःच्या दाढा जिभेनं चाचपत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी सुकलं होतं. सगळं मनासारखं झालं असतं, पण तात्यांनी विचारलं, "बरं, मांजर न्हाई. मग ह्ये हाय कोण? कुत्रं?"

इथं मी 'नाही' एवढंच म्हणून थांबायला हवं होतं, असं इब्राहिमभाई अजून म्हणतात. पण मला शिकवायची खोड. मी काटकीनं सारवलेल्या अंगणात एक रेघ ओढली आणि तिला दोन फांद्या काढल्या. इकडच्या फांदीवर कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल, पाणमांजर. तिकडच्या फांदीवर वाघ, बिबट्या, मांजर, मुंगूस, तरस. तरस कुत्र्यासारखं दिसतं, पण कानामागची हाडं त्याला मांजराच्या बाजूला नेतात. हे ऐकून लोकांना मोठी गंमत वाटली. "आन ह्ये?" तात्यांनी पाटीकडं बोट केलं.

मी काटकी मांजराच्या फांदीवर टेकवली.

तात्या सावकाश म्हणाले, "म्हंजी मांजराच्या भावकीतलंच."

"चुलत... लांबचं चुलत," मी घाईनं म्हटलं.

"चुलत का असंना. भावकीच की."

सुंदरानं मनीला खाली सोडलं आणि पदर डोळ्यांवर ओढला. नामदेवनं तोंड फिरवलं. मला त्या क्षणी त्या काटकीचे तुकडे करावेसे वाटले. खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलून मी त्या पोरीला परत कोपऱ्यात ढकललं होतं.

तेवढ्यात हौसाबाई माझ्या रेघांपाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ त्या फांद्यांकडं बघत राहिल्या. मग माझी काटकी टेकली होती त्या मांजराच्या फांदीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, मांजराचं आन ह्येचं घर येगळं कवा झालं?"

"फार पूर्वी, मावशी."

"माज्या सासऱ्याच्या टायमाला?"

"छे! माणूस जन्मायच्या आधी. कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"म्हंजी पिढ्या किती?"

"मोजता यायच्या नाहीत इतक्या."

हौसाबाई उठल्या, पदर खोचला आणि तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तात्या, दांडावरचा आपला गणपा मेला, तवा तुमी सुतक पाळलं का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "सात पिढ्या सुटल्या हुत्या. सात पिढ्या सुटल्या की सुतक न्हाई. निस्ती आंगूळ."

"गणपा भावकीतला न्हवता का?"

"हुता की."

"मग माणसाला सात पिढ्यांनी सुतक सुटतं आन मांजराला कोटी पिढ्यांनी बी सुटत न्हाई? ह्यो कंचा न्याय?"

तात्यांनी माझ्या रेघांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी जोरजोरात होकाराची मान डोलावली.

"आंगूळ लागंल," ते शेवटी म्हणाले.

"ती सकाळधरनं दोनदा न्हालीया!" हौसाबाई कडाडल्या, आणि अंगणात हशा पिकला. नामदेव सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. तात्या मात्र हसले नाहीत. "बघू उद्या," एवढं म्हणून ते काठी टेकत निघून गेले.

हौसाबाईंनी चूल पेटवली आणि आम्हाला हुलग्याचं गरम माडगं आणि नाचणीची भाकरी दिली. सुंदरानं माडग्याचे चार घोट घेतले, पण भाकरी तशीच ठेवली. "तात्या उद्या जेवलं तर मी जेवीन," ती म्हणाली. इब्राहिमभाई गोठ्यामागं कातडी सोडवायला बसले. हात धुऊन आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, पुढच्या गावात काय विचारलं तर मला बोलू द्या."

चंपाषष्ठी

आमच्याकडं चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत होतं ते चातुर्मासातली वांगी-कांद्याची बंदी सुटली म्हणून. नैवेद्य दाखवला की संपलं. इथं सकाळपासून वाडीभर वांगी भाजल्याचा खरपूस वास. चुलीत वांगी भाजताहेत, कांद्याची पात चिरली जातेय, बाजरीचे रोडगे थापले जाताहेत. सुंदरा तिसऱ्यांदा न्हाऊन ओलेत्या केसांनी चुलीपुढं बसली होती. मी वांगी सोलायला बसले आणि बोटं पोळून घेतली, तशी हौसाबाईंनी मला तिथून उठवलं.

तळी उचलली. "येळकोट येळकोट" असा गजर झाला, भंडाऱ्यानं माझी पांढरी साडी पिवळी झाली. खंडोबाची म्हणून वाडीतल्या कुत्र्यांना आधी घास गेला. एका लंगड्या कुत्र्यानं दोन रोडगे पळवले. कुणी त्याला हाकललं नाही.

मग पानं मांडली. भावकीतले पुरुष ओळीनं बसले. तात्यांचं पान पहिलं, आणि त्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. सुंदरा भरिताचं भांडं घेऊन दाराआड उभी. तात्यांच्या आधी तिच्याकडून वाढून घ्यायला कुणी तयार होईना. मी आणि इब्राहिमभाई अंगणातल्या शेणीच्या ढिगापाशी, तिकडं बघितल्यासारखं न करता सगळं बघत होतो.

तात्या आले. पाय धुतले, कपाळाला भंडारा लावला, पानावर बसले. सुंदरा पुढं झाली. तिनं वाढलेला भरिताचा पहिला घास पानाच्या कडेला पडला. तात्यांनी रोडगा मोडला, भरीत लावलं, तोंडात घातलं. आणि चावत राहिले. आख्खी पंगत त्यांच्या जबड्याकडं बघत होती. दातांचा अभ्यास करण्यात माझी कित्येक वर्षं गेली, पण एकाच तोंडाकडं इतकं जीव मुठीत धरून मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गिळलं. म्हणाले, "मीठ कमी हाय."

सुंदरा मिठाचं बुडकुलं आणायला अशी धावली की पदर चौकटीत अडकला. तिनं पानात मीठ वाढलं. तात्यांनी ते कालवलं आणि मान वर न करता म्हणाले, "आन वाढ. येवढंसं काय वाढती?"

त्यानंतर पंगतीत फक्त जेवण्याचा आवाज होता. नामदेवनं जेवताना डोळे पुसले. कांद्याची पात झोंबली, असं त्यानं शेजाऱ्याला सांगितलं.

पुरुष उठल्यावर आम्ही बायका बसलो. सुंदरा माझ्या आणि हौसाबाईंच्या मध्ये. तिनं पहिला रोडगा संपवला तेव्हा आम्ही अजून भरीत चाखत होतो. हौसाबाईंनी दुसरा तिच्या पानात टाकला, मग तिसरा. मग स्वतः एक घास घेतला, जिभेवर घोळवला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मीठ बराबर हाय की. तात्याला कायतरी बोलायला पायजे हुतं."

मी सुंदराकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, कारण तिचं तोंड भरलेलं होतं.